कानांवर बसलेला चष्मा

पहिल्या दिवाळसणाला माहेरी जायचं म्हणून शर्वाणी नुसती हरखून गेली होती. पण ऐनवेळी सासऱ्यांच्या जुन्या गाडीचा, इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सरच बिघडला. घाटात इंजिन उकळलं आणि काटा तसाच गप्प राहिला, तर सण रस्त्यातच!

सासरे तिला घेऊन स्पेअर पार्टवाल्या दादासाहेबांकडे गेले. गावात त्यांचा शब्द शेवटचा. गाडी कोणती, साल कोणतं, काही न विचारता त्यांनी एक सेन्सर काउंटरवर ठेवला.

"हा आमच्या गाडीत तापमान बरोबर दाखवेल ना?" शर्वाणीने हळूच विचारलं.

"सूनबाई, सेन्सरचे आटे इंजिनात बसले की झालं! आम्ही काय इथे गोट्या खेळतो?"

सासरेही मान डोलावू लागले.

"बाबा, जरा चष्मा देता?" म्हणत तिने सासऱ्यांचा चष्मा घेऊन दादासाहेबांपुढे धरला. "तुमचा काढून हा घाला बरं. आता खोक्यावरचं वाचा."

दादासाहेबांनी खोकं जवळ आणलं, लांब धरलं. "छे! सगळं धुरकट दिसतंय."

"असं कसं? कानांवर तर चपखल बसलाय!"

दुकानात हशा पिकला. दादासाहेबांनी सेन्सर मागे सारला. "बरं, मॉडेल सांगा. साल?"

"सांगते की. पण आधी तुमचा चष्मा घाला, नाहीतर पुन्हा भलताच काढाल!"