पिवळीची करंडी

फार पूर्वी, धान्याच्या कणगीशेजारी घरोघरी धामण पाळत असत, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक बुरूड आणि त्याची बायको राहत होती. पोरबाळ नव्हतं. घरात ती दोघं, बांबूचा ढीग आणि एक धामण. धामणीला विष नसतं, आणि तिच्या वासानंही उंदीर पळतात. बुरुडाची धामण अंगानं हळदीसारखी होती, म्हणून तिचं नाव पिवळी.

त्या गावाची एक गोड रीत होती. जो वाढेल त्यानं जेवणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "पोटभर जेव." सासू सुनेच्या पाठीवर हात ठेवी, मालक गड्याच्या. पाठीवर हात पडला नाही तर पाहुणा मनातून रुसे.

पिवळीला वाढताना मात्र बुरूड ही रीत मोडायचा. सापळ्यात मेलेला उंदीर चिमट्यानं तिच्या करंडीत ठेवायचा, झाकण लावायचा आणि बाहेर ओट्यावर पाठ फिरवून बसायचा.

बायको हसायची. "अख्ख्या गावाच्या पाठीवर हात ठेवता, आणि लेकीला मात्र अंधारात एकटीला जेवायला घालता!"

"तिला तसंच बरं वाटतं."

"तिनं कानात सांगितलं वाटतं?"

"सांगते की. तूही ऐक कधीतरी."

"मी नाही बाई! तुमचं तुम्हालाच लखलाभ," असं म्हणून ती पुन्हा बांबू सोलायला बसायची. ते बोलणं तिनं थट्टेवारी नेलं.

पुढे बुरूड तापानं फणफणला आणि त्यातच गेला. घर एकदम मोठं झालं. अर्धवट विणलेलं सूप जिथं होतं तिथंच राहिलं. बाई करंडीपाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "आता आपण दोघीच गं."

तिनं ठरवलं, नवऱ्यानं केली नाही तेवढी माया आपण करायची. झाकण बाजूला ठेवलं. चिमटा खुंटीला अडकवला. आपल्या हातानं ती उंदीर पुढे करी आणि दुसऱ्या हातानं पिवळीची पाठ कुरवाळी. पिवळी अंग चोरायची, आखडायची, पण कसाबसा घास घ्यायची.

मग एके दिवशी तिनं खाणंच सोडलं. तिची कातडी मळकट दिसू लागली, डोळ्यांवर दुधाळ निळसर पडदा आला. करंडीच्या तळाशी वेटोळं घालून ती पडून राहिली.

"तुलाही त्यांची आठवण येते ना?" बाईचे डोळे भरून आले. तिनं उंदीर अगदी पिवळीच्या तोंडाशी धरला आणि पाठीवर हात ठेवला. "पोटभर जेव गं."

पिवळीनं मान फुगवली, ती घुरघुरली, आणि सपकन चावली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या वेळी बाईच्या अंगठ्यातून रक्त ठिबकलं, आणि ते नेमकं शेजारणीनं पाहिलं.

"अगं बाई! हिनं डूख धरलाय तुझ्यावर."

"काहीतरीच काय! लेकीसारखी आहे माझ्या."

"लेक त्यांची होती, तुझी नव्हे. मालक गेला, आता तू कोण तिची?"

दातांचे ओरखडे दोन दिवसांत भरून आले असते. हे बोलणं मात्र आत रुतून बसलं. रात्रंदिवस बाईला एकच वाटू लागलं, 'मी एवढी माया केली, आणि हिनं मला परकी ठरवलं.' शेवटी तिनं शेजारणीच्या नवऱ्याला बोलावलं.

"भाऊजी, हिला घेऊन जा. मारू नका, नदीपलीकडे सोडून या."

त्यानं पिवळीला पोत्यात घातलं आणि पलीकडच्या करवंदीच्या जाळीत सोडलं.

काही दिवस गेले. बाई अंगण झाडत होती, आणि कुंपणातून पिवळी आत आली. अंग नव्यानं हळद माखल्यासारखं चकाकत होतं. डोळे काळेभोर, स्वच्छ. तिनं मान फुगवली नाही, फूत्कार टाकला नाही. सरळ आपल्या करंडीच्या दिशेनं निघाली.

पण बाईच्या कानात शेजारणीचे शब्द होते. हातातला झाडू गळून पडला. "आली! डूख धरून आली! भाऊजी, धावा!"

शेजारणीचा नवरा काठी घेऊन धावला. पिवळीनं मागे वळूनही पाहिलं नाही. या अंगणात तिच्यावर कधी कुणी काठी उगारलीच नव्हती. तिचं डोकं करंडीत शिरलं होतं, तेव्हा पाठीवर घाव बसला.

"वाचलीस गं," शेजारीण म्हणाली. बाईनं मान हलवली.

त्यानंतर एकदा बाई मिरच्या भाजत होती. घरभर तिखट धूर पसरला, डोळ्यांची आग आग झाली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून तशीच, मिटल्या डोळ्यांनी, चाचपडत ती भाकरीचा तुकडा मोडून खाऊ लागली. तेवढ्यात शेजारीण वाटीभर आमटी घेऊन आली. एकटी बाई जेवतेय हे पाहून तिला कळवळा आला. मागून येऊन तिनं पाठीवर हात ठेवला.

बाई किंचाळली. दुसऱ्या हातातलं तापलेलं उलथणं तिनं गर्रकन फिरवलं. वाटी उडाली, शेजारणीच्या मनगटावर चटका बसला.

"अगं, मी आहे मी! मायेनं आले, आणि मलाच मारतेस?"

"मला दिसत नव्हतं गं," बाई रडत म्हणाली. "घाबरले मी. मला काहीच दिसत नव्हतं..."

आणि ती बोलता बोलता थांबली. आपलेच शब्द तिला ऐकू आले, आणि पिवळीच्या डोळ्यांवरचा तो दुधाळ पडदा आठवला.

ती तशीच उठली, नदीपलीकडे गेली. करवंदीच्या काट्यांत पिवळीची कात अडकलेली होती, डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड. डोळ्यांच्या जागीही दोन गोल पापुद्रे होते. तिनं त्यातला एक आपल्या डोळ्यासमोर धरला. नदी दिसेना, गाव दिसेना. सगळं धुरकट. इतके दिवस ती पोर याच्या आडून जगाकडे पाहत होती, आणि वरून एक हात सारखा खाली येत होता.

तिची कातडी निघत होती, म्हणून तिला भूक नव्हती. तिला दिसत नव्हतं, म्हणून ती चावत होती. दिसू लागल्याबरोबर ती घरी आली होती.

बाई त्या जाळीशी बसून खूप रडली.

त्यानंतर धामणीसाठी कुणी करंडी न्यायला आलं, की ती झाकण आधी हातात द्यायची. "वाढ, झाकण लाव आणि बाहेर ये. डोळे दुधाळ झाले, की वाढूही नकोस. नुसती वाट पाहा."

"आणि चावली तर, मावशी?"

"तर ती घाबरलीय. कशाला, ते शोध. हात पुढे करू नकोस."

हळूहळू गावाची रीतही बदलली. जेवण होऊन माणूस आपणहून वळला, की मगच त्याच्या पाठीवर हात पडू लागला.

बाईनं ती कात पिवळीच्या करंडीत ठेवली होती. रोज जेवणाच्या वेळी ती करंडीवर झाकण लावायची आणि ओट्यावर येऊन पाठ फिरवून बसायची, नवरा बसायचा तशी. आत कुणीच जेवत नसायचं. तरी ती वळून पाहायची नाही.

तात्पर्य: भ्यालेल्या जिवाच्या चाव्याला वैर समजू नका. माया आपल्याला जमते तशी नव्हे, त्याला सोसवते तशी करा. आणि ते कळायला उशीर होऊ देऊ नका.