गाडीखाली

“...मग शिकवलंत कशाला मला, उस्ताद?”

दस्तगीर उस्ताद बाजेवर बसले होते.

“सांगा ना. सगळं शिकवलंत, तरी माझा भाऊ माझ्याच गाडीखाली गेला. मग उपयोग काय झाला त्या शिकण्याचा?”

मिरजेत स्टेशनच्या मागं उस्तादांची जुनी शेड आहे. उस्ताद थकलेत, गिऱ्हाईक आता येत नाही. त्यांची स्वतःची एक जीप तेवढी आत उभी असते.

गजेंद्र लवटे याच शेडमध्ये शिकला. उस्तादांचा सगळ्यात तयार चेला. पुढं सांगलीत त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं. हाताखालच्या माणसांना तो ऐटीत सांगायचा, “मी जॅकवर उचललेली गाडी आजवर जागची हलली नाही.”

आज तो दाढी वाढवून दारात उभा होता. चप्पल काढायचीही शुद्ध नव्हती.

“बस,” उस्ताद म्हणाले. “काय झालं ते सांग.”

गजेंद्र खाली जमिनीवरच बसला.

“रविवार होता. घरचीच गाडी. सायलेन्सर खडखडत होता. अंगणात जॅक लावला, पुढची बाजू उचलली.”

“जॅकखाली काय होतं?”

“फरशीचा तुकडा.”

“आणि फरशीखाली?”

“माती. ओली होती... वहिनीनं नुकताच सडा टाकला होता.”

“मागच्या चाकांना दगड?”

“नाही लावले.”

“घोड्या?”

गाडी जॅकनं उचलली की खाली लोखंडी टेकू लावतात. गॅरेजात त्यांना घोड्या म्हणतात. जॅक फक्त उचलायला, तोलून धरायला घोडी. उस्तादांकडचा हा पहिला धडा. तो पाठ झाल्याशिवाय कुणाला पान्याला हात लावता यायचा नाही.

“घोड्या गॅरेजवर होत्या,” गजेंद्र म्हणाला. “आणायला जायचा कंटाळा केला. दोन बोल्ट तर आवळायचे होते, उस्ताद. घरचं काम...”

“खाली तू जाणार होतास?”

“मीच. पण माझी कंबर धरली होती. आप्पा म्हणाला, सरक, मी आवळतो.”

आप्पा म्हणजे गजेंद्रचा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा त्यानंच धाकट्याला हाताला धरून या शेडमध्ये आणलं होतं. उस्तादांना म्हणाला होता, याला माणूस करा.

“मी त्याला म्हटलं, थांब, जरा बघतो. तर तो हसला. म्हणाला, जॅक तू लावलायस ना? मग बघायचं काय त्यात...”

गजेंद्रनं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं.

“...आणि गेला खाली. पाना फिरवला, जोर लावला. गाडी हलली, फरशी मातीत कलंडली. मी हातानं धरली होती हो गाडी! दोन्ही हातांनी धरली होती...”

उस्तादांनी डोळे मिटून घेतले.

“वहिनी एक शब्द बोलत नाही,” गजेंद्र म्हणाला. “ताट वाढते. ‘भावजी, जेवून घ्या’ म्हणते. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

बाहेरून मालगाडी गेली.

“तुला माहीत नव्हतं?” उस्तादांनी विचारलं.

“माहीत होतं.”

“विसरलास?”

“नाही. आठवलं होतं. जॅक लावतानाच आठवलं होतं.”

“मग?”

“वाटलं... दुसऱ्याची गाडी पडते. माझ्या हातची कशी पडेल?”

“वजनाला हात ओळखता येत नाही, गजा.”

गजेंद्रनं कपाळ जमिनीला टेकवलं. “हे कधी हलकं होईल, उस्ताद?”

“नाही होणार.”

“काहीतरी सांगा. एखादी दुवा, एखादा उपास... मी काहीही करीन.”

“माझ्याकडं तसलं काही नाही.”

...

उस्ताद उठले. जीपच्या बॉनेटवर त्यांनी हात ठेवला.

“हिचं खालून तेल गळतंय. उचल.”

“काय?”

“पुढनं उचल.”

“मी जॅकला हात लावला नाही त्या दिवसापासून. नाही लावणार. गॅरेजला कुलूप घातलंय मी.”

“उचल.”

इतक्या वर्षांत उस्तादांचा शब्द गजेंद्रनं कधी मोडला नव्हता. तो उठला. जॅक दोनदा हातातून सुटला. त्यानं हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. सिमेंटच्या कोब्यावर जॅक ठेवला, गाडी उचलली. चेसीखाली दोन्ही बाजूंना घोड्या सरकवल्या. मग जॅक हळूहळू उतरवून सगळा भार घोड्यांवर दिला.

“हलव,” उस्ताद म्हणाले.

त्यानं खांदा लावून जीप रेटली. हलली नाही.

“अजून.”

तो रडत होता, आणि सगळं अंग लावून रेटत होता. जीप जागची हलली नाही.

उस्तादांनी जमिनीवर पोतं अंथरलं. गुडघे धरत, कण्हत खाली बसले, मग पाठीवर आडवे झाले. गजेंद्रला काय होतंय ते कळेपर्यंत ते सरकत सरकत छातीपर्यंत जीपखाली गेले होते.

“उस्ताद! बाहेर या!”

उस्ताद आणखी आत सरकले.

“पाया पडतो तुमच्या. बाहेर या... माझ्यावर एवढा विश्वास टाकू नका हो!”

गजेंद्र दोन्ही हातांनी बंपर धरून उभा होता.

मग उस्तादांचा हात बाहेर आला, तळवा उघडा.

“तुझ्यावर नाही टाकला. घोड्यांवर टाकलाय. पाना दे.”