धाकूचा भात

जलील बंदरात होडीतून उतरलं की दगडी पायऱ्यांवरच मांजरं भेटतात. त्यांना कुणाची भीती नाही. अनोळखी माणसाच्या पायाला अंग घासतात, खाली बसलं तर मांडीवर चढतात. आमच्या सहलीतल्या बायका त्यांना कुरवाळू लागल्या. "किती माया लावतात हो!" एकजण म्हणाली.

आम्हाला गाव दाखवणारे हसनभाई परकार हसले नाहीत. त्यांचे पणजोबा कोकणातून येऊन या परमुलखात राहिले; घरात अजून मराठी बोलतात. "माया आहेच," ते म्हणाले. "पण ती कशी लागली तेही ऐका."

शिडाच्या गलबतांचा काळ. कोकणातल्या वरसोळे गावचे दोन खारवी भाऊ, जानू आणि धाकू, नारळी पौर्णिमा झाली की नारळ आणि सुंभ भरून इकडे यायचे. थोरला जानू गलबताचा तांडेल, म्हणजे कप्तान. एका खेपेला धाकूला वाटेतच देवी आल्या. अंगभर फोड, फणफणता ताप. खलाशी घाबरले. जानूने भावाला या पायऱ्यांवर उतरवलं, डोक्याखाली सुंभाचं वेटोळं दिलं. "माल विकून येतो, मग तुला घरी नेतो," म्हणाला. परतताना गलबत या बंदराला लागलंच नाही.

रोगाच्या भीतीने गावकरी जवळ येईनात. लांबूनच पाणी ठेवून जायचे. मांजरं मात्र आली. तापाने कुडकुडणाऱ्या त्या माणसाला चिकटून निजली, असं सांगतात. धाकू जगला. चेहरा विद्रूप झाला, एक डोळा गेला. पुढे तो इथेच शिडं शिवायचा आणि मिळालेली मासळी मांजरांबरोबर वाटून खायचा. कोकणातलं गलबत दिसलं की धावत जाऊन विचारायचा, "वरसोळ्याचं काय?"

काही वर्षांनी जानूचंच गलबत आलं. वादळात डोलकाठी मोडली होती, म्हणून यावं लागलं. धाकूने हाक मारली तसा जानू ओळखून थिजला. भावाला बाजूला घेऊन म्हणाला, "धाकू, मी घरी सांगितलं तू समुद्रात गेलास. तुझं तेरावं झालं. तुझ्या बायकोचं कुंकू पुसलं. आता तू गावात उभा राहिलास तर लोक मला काय म्हणतील?"

"आणि आई?" धाकूने विचारलं.

"आई रडून रडून गेली."

धाकू गलबतावरच्या खलाशांकडे वळला. सगळे त्याच्याबरोबर वाढलेले. एकानेही मान वर केली नाही. त्याच्या तेराव्याला ते सगळे जेवले होते, म्हणे. डोलकाठी उभी राहिली तशी जानूने भर दुपारी शिडं चढवली. जाताना पायऱ्यांवर तांदळाचं एक पोतं ठेवून गेला.

धाकूने त्यातला भात शिजवला. आंघोळ करून आपल्याच नावाचा पिंड वळला आणि पायरीवर ठेवला. या किनाऱ्यावर तेव्हा कावळा नव्हता. पण मांजरं आली आणि पिंड खाऊन गेली. "घरच्यांनी घातलेलं कुणाला पोचलं ठाऊक नाही," तो म्हणाला. "हे मला पोचलं." त्यानंतर त्याने कोकणातल्या कुठल्याच गलबताला काही विचारलं नाही. पोतं संपेपर्यंत तो रोज मांजरांना भात घालत राहिला. त्यांच्या पिल्लांनाही परक्या माणसाजवळ जायची सवय लागली, ती अशी.

हसनभाईंनी पायरीवरच्या एका मांजराच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आजही इथे परमुलखातला माणूस मेला आणि त्याचं कुणी आलं नाही, की आम्ही कोकणी माणसं, हिंदू असो की मुसलमान, त्याचं नाव घेऊन इथे भात ठेवतो. गेल्या महिन्यात एका रंगाऱ्यासाठी मी ठेवला. त्याआधी त्याच्या घरी फोन लावला होता. भावाने उचलला. नाव ऐकलं, आणि रॉंग नंबर म्हणाला."