बदली माणूस

"घरच्यांची परवानगी आणलीस?" गिरीबाबांनी विचारलं.

"आणली आहे," अंकुश म्हणाला, आणि मागं उभ्या असलेल्या वहिनीकडं त्यानं हात केला. परवानगी म्हणजे जणू पिशवीतून आणलेला नारळच.

शालन अजून धापा टाकत होती. मठाची टेकडी चढताना दीर पुढं आणि ती मागं, एकदाही त्यानं वळून पाहिलं नव्हतं. वैराग्य आलं की मान वळत नसावी, असं ती मनाशी म्हणाली होती आणि स्वतःच चिडली होती.

"बस, पोरी," बाबा म्हणाले.

"नको. बसले तर उठवणार न्हाई मला."

बाबांनी पुन्हा म्हटलं नाही.

या मठाची एक जुनी रीत होती. ज्याला संन्यास हवा, त्यानं घरातल्या कर्त्या माणसाला सोबत आणायचं. त्या माणसानं बाबांच्या समोर उभं राहून दोनच शब्द बोलायचे, 'मी सोडला'. ते बोलल्याशिवाय भगवी कफनी मिळत नसे. बरेच जण त्या दोन शब्दांवरूनच परत गेले होते.

"कर्ता कोण घरात?"

"दादा," अंकुश म्हणाला. "पण दादाला इथं आणता येत नाही. त्याचं प्रारब्ध तसं आहे."

"प्रारब्ध?" शालनला राहवलं नाही. "परारब्ध कसलं, भावजी? सुरुंग व्हता त्यो!"

मग तिनंच सांगितलं. नवरा फौजेत हवालदार, सयाजी नाव. सीमेवर गस्तीला असताना सुरुंग फुटला. जीव वाचला, पण मानेखालचं अंग आता ऐकत नाही. डोकं मात्र लख्ख आहे, त्यामुळं आपलं काय झालंय ते त्याला पुरतं कळतं. कुशीवर वळवायला ती एकटी पुरते. पण अंघोळीला, शौचाला, खुर्चीत बसवायला उचलायचं म्हटलं की दोन माणसं लागतात. एक ती आणि दुसरा हा, संन्यास घ्यायला निघालेला.

बाबा अंकुशकडं पाहू लागले.

"मी खूप सेवा केली, महाराज," अंकुश म्हणाला. "आता मनातली आसक्ती गळून गेली. दादाला वेदना होतात, तरी माझं चित्त हलत नाही. काही म्हणजे काही वाटत नाही मला."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

"हं..."

बाबांनी मान डोलावली. अंकुशला वाटलं, आपली पायरी त्यांनी ओळखली. तो जरा ताठ बसला.

"आन तुला?" बाबांनी शालनला विचारलं. "तुला काय वाटतं?"

हे तिला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते सगळं सयाजीबद्दल. कसे आहेत हवालदार? जेवतात का? ओळखतात का? ती कशी आहे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मला राग येतो," ती म्हणाली. "रोज उठल्यापासनं."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हनून सांगू? झेंडावंदनाला गावकरी येत्यात, आमच्या मालकांना खुर्चीसकट उचलून नेत्यात, शाल घालत्यात, फोटो काढत्यात. परत आणून सोडत्यात त्ये दारात! खाटेवर घ्यायला एक जण थांबत न्हाई. शाली पेटीत मावंनात झाल्यात, आन त्या असल्या टोचऱ्या की त्यांच्या अंगाखाली घालायच्यापण कामाच्या न्हाईत. मला म्हनत्यात, तू सती सावित्री हायेस. अहो, सावित्रीचं एका दिसात आटपलं हुतं!"

बाबांच्या मिशीत काहीतरी हललं. शालन थांबायला तयार नव्हती.

"पेन्शन येती. पैशाचं रडगाणं न्हाई माझं. पण पेन्शन काय माणसाला उचलून खुर्चीत बसवत न्हाई. पगारी माणसं ठिवून बघितली, घाण काढायची म्हटल्यावर पळाली. पोरगी माझी बहिणीकडं वाढती, आली की मला 'मावशी' म्हनून हाक मारती आन जीभ चावती. माझी आई गेली तवा मी पोचले, तर सगळं उरकलं हुतं. आन कंबर म्हणाल तर... जाऊ द्या."

"देह नश्वर आहे, वहिनी," अंकुश हळूच म्हणाला.

"व्हय का? मग उद्यापासनं तुमच्या देहाला तुमीच भाकरी घाला."

अंकुश खाली पाहू लागला.

हे बोलून गेल्यावर शालनलाच वाईट वाटलं. तिला सगळं ठाऊक होतं. हा पोरगा रोज पहाटे भरतीसाठी पळायचा. भावाला घरी आणलं त्या दिवसापासून त्यानं पळणं सोडलं. लग्नाची दोन ठिकाणं जुळत आली होती. पाहुणे घर बघायला आले, खाट बघून चहा अर्धा ठेवून गेले. तेव्हापासून तो पोथ्या वाचू लागला. त्याच्यावर तिचा जितका राग होता, तितकाच जीवही होता. म्हणून तर टेकडी चढून आली होती.

सकाळी सयाजीनंच तिला म्हटलं होतं, "जाऊ दे त्येला. मी न्हाई तर न्हाई, त्येनं तरी चालावं कुठंतरी."

आणि असं म्हणून भिंतीकडं तोंड वळवलं होतं. तेवढी मान त्याला वळवता येत होती.

"मग?" बाबा म्हणाले. "सोडला म्हणतीस?"

शालननं मठाच्या ओट्यापलीकडं पाहिलं. ऊन चिंचेच्या बुंध्यावरून सरकायला लागलं होतं. शेजारच्या म्हातारीला नवऱ्यापाशी बसवून ती आली होती. म्हातारी त्याला पाणी पाजेल, माशा वारेल. दिवेलागणीला मात्र त्याला उचलावंच लागणार होतं.

"म्हणते की," ती म्हणाली. "सोडला म्हणायला माझं काय जातंय? पण आदी बदली माणूस द्या."

"म्हंजी?"

"आमचे मालक सांगायचे. फौजेत रजा मंजूर झाली तरी पोस्ट सोडता येत न्हाई. बदली माणूस येतो, त्येच्या हातात बंदूक देतात, मग पयला खाली उतरतो. भावजींना संन्यास द्या, न्हाईतर आणखी काय द्या. मला खाटेपाशी एक माणूस पायजे. तुमच्या द्येवाकडं आसंल तर धाडून द्या!"

शेवटचे शब्द ती जवळजवळ ओरडलीच. झाडावरचे कावळे उडाले.



बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. आसन झटकलं. अंकुशकडं बघून म्हणाले, "बस हितं."

"मी? आपल्या आसनावर?"

"बस म्हटलं ना."

अंकुशचे डोळे भरून आले. गुरूनं आपणहून आसन द्यावं! तो मांडी घालून बसला, पाठ ताठ केली, डोळे मिटले.

बाबांनी कोपऱ्यातली काठी घेतली. झोळी खांद्याला लावली. पायरीवरच्या वहाणा पायांनी चाचपून घातल्या.

"चल, पोरी."

"कुठं?"

"तुझ्या घरी. बदली माणूस मागितलास न्हवं?"

शालन बघतच राहिली. मग तिचा पारा पुन्हा चढला.

"आवो, काय थट्टा लावलीय? तुम्हाला ह्या पायऱ्या उतरवत न्हाईत. तुमचं वय काय, आमच्या मालकांचं वजन काय! त्यांना उचलायला जाल आन तुमीच पडाल. मग तुम्हाला कुणी उचलायचं? मीच ना?"

"शिकव मग. कसं धरायचं?"

"शिकव काय शिकव... मी पायांकडं असते. भावजी खांद्यांकडं."

"बरं. मी खांदे धरीन. काखेत हात घालायचा आन वडायचं, आसंच ना?"

"मान!" आसनावरून अंकुश ओरडला. त्याचे डोळे टक्क उघडे होते. "मान, महाराज! आधी मान कोपरावर घ्यायची, मग काखेत हात. नुसतं ओढलं तर मान मागं पडते. फार कळ येते त्याला. सांगत नाही तो, दात आवळून धरतो. त्याच्या दातांकडं लक्ष ठेवावं लागतं..."

तो बोलता बोलता थांबला.

शालननं तोंडाला पदर लावला. ती रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाबा पहिली पायरी उतरले. मग दुसरी. तिसरीवर त्यांचा तोल गेला, तसा शालननं पुढं होऊन त्यांचा दंड धरला आणि कपाळावर आठ्या घालून म्हणाली, "बघा, म्हटलं हुतं का न्हाई?"

"महाराज!" अंकुश आसनावरून अर्धा उठला होता. "तुम्ही तिकडं गेलात तर मला दीक्षा कोण देणार?"

बाबांनी मागं पाहिलं नाही.

"दिवेलागणीला खाटेपाशी ये. मान तू धर, पाय मी धरतो. आज ही बसणार हाय."