कावळ्यासमोर दिलेला शब्द

तळमजल्यावर राहणाऱ्याला जिन्याचं फार कौतुक असतं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष निमकर तळमजल्यावरच राहत. वीज वाचवायची म्हणून त्यांनी लिफ्टला कुलूप घातलं. चौथ्या मजल्यावरचे माझे शेजारी केळशीकरकाका गुडघ्यांचं गाऱ्हाणं घेऊन गेले, तर म्हणाले, "चढा की! फुकटचा व्यायाम आहे." पुढे काकांनी खालचं जग गॅलरीतूनच पाहिलं, आणि शेवटी खाली आले ते चौघांच्या खांद्यावर.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. मुलगा म्हणाला, "आईला सांभाळीन." मी म्हणालो, "तुमच्या कुंड्यांना पाणी घालीन." कावळे आपले झाडावर ढिम्म. तेव्हा काकू निमकरांकडे वळल्या.

"ह्यांचा जीव त्या लिफ्टपाशी घुटमळतोय. आता तुम्हीच कबूल करा."

सगळ्यांच्या देखत निमकर काय करणार? हात जोडून म्हणाले, "लिफ्ट सुरू करतो." आणि कावळा शिवला.

परत येताच, फाटकातच, निमकर फिरले. "कावळ्याला भूक लागली, तो आला. असल्या खुळचटपणावर सोसायटी चालत नाही."

"नका चालवू," काकू शांतपणे म्हणाल्या. "फक्त तुमच्या दहाव्याला आम्ही काय कबूल करायचं, तेवढं आत्ताच सांगून ठेवा."

संध्याकाळच्या आत कुलूप निघालं.

दुसऱ्या दिवशी फ्रेमवाल्याकडून काकांचा फोटो आला. तो छातीशी धरून मी लिफ्टने वर गेलो. किती दिवसांनी काका धाप न लागता घरी पोचले.