कासाराचं जांभळं उपरणं

एका गावात एक कासार होता आणि त्याच्या पायाला भिंगरी होती. सकाळी बांगड्या घेऊन निघाला की अख्खी आळी पालथी घालायचा. बांगड्या भरताना तो हात हलकेच दाबायचा आणि विचारायचा, "काय मावशी, कसं चाललंय?" हात त्याच्या हातात असेपर्यंत बायका मनातलं सगळं बोलून टाकत. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस आटली, सगळं त्याला ठाऊक असे.

त्या गावात दोन पक्ष होते. एक जांभळ्या उपरण्याचा, दुसरा विटकरी. जांभळ्या पक्षाच्या पुढाऱ्यांनी एकदा कासाराला गाठलं.

"तुला घरोघरी ओळखतात. आळीतला आमचा माणूस होशील? पगार नाही, पण मान आहे. आमचं लोकांना सांगायचं, लोकांचं आम्हाला."

कासाराने उपरणं गळ्यात घातलं आणि तिथून त्याची झोप उडाली. झेंडे बांध, निरोप पोहोचव, सभेला माणसं गोळा कर. बसला तर पाय हलत, जेवला तर अर्ध्यावरून उठे. बांगड्या भरतानाही तोंडाचा पट्टा चालू. "आमचा पक्ष असं करणार, आमचा पक्ष तसं करणार!" बोलण्याच्या भरात हात दाबायचं राहून जाई आणि बांगडी पिचून वाढे. "मेल्या, सणाची बांगडी वाढवलीस!" म्हणून बायका चिडत. त्याला त्याचं काही नव्हतं.

आळीच्या मधोमध एक विहीर होती. तिच्या कठड्याजवळ एक म्हातारी फुटाणे विकत बसे. एके दिवशी त्या कठड्याची एक बाजू ढासळून विहिरीत पडली. पूर्वी असं काही झालं की आळीतले लोक बाह्या सरसावून कामाला लागत. आता म्हणाले, "आपला माणूस आहे की! तो सांगेल वर."

म्हातारीने कासाराला हटकलं. "अरे कासारा, कठडा गेला बघ. कुणाचा तरी जीव जाईल. तुझ्या पुढाऱ्यांच्या कानावर घाल."

"घालतो मावशी, आजच घालतो," म्हणत कासार पसार झाला.

दर बाजाराच्या दिवशी पक्षाची बैठक असे. पुढारी एकेकाला उभं करून विचारत, "तुझ्या आळीत काय?" शेजारच्या आळीतल्या एकाने मागे एकदा गटार तुंबल्याचं सांगितलं होतं. "तुला आळी सांभाळता येत नाही," असं म्हणून पुढाऱ्यांनी त्याला मागच्या रांगेत बसवलं. शिवाय यंदा सगळ्या पेठेचा प्रमुख नेमायचा होता आणि कासाराला तर त्या मानाचे डोहाळे लागले होते. त्याची पाळी आली. विहीर ओठांवर आली होती, ती त्याने गिळली.

"आमच्या आळीत सगळं झकास!"

"वा! मग उद्याची सभा तिथेच घेऊ," पुढारी म्हणाले.

झालं! कासाराची पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने ढासळलेल्या जागी बांबूच्या कामट्या बांधल्या, वर जांभळं कापड ताणलं, झेंडूच्या माळा सोडल्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कठडा नवाकोरा आहे.

"अरे, हे काय मांडलंयस?" म्हातारीने विचारलं.

"आजचा दिवस गप्प बस मावशी. सभा होऊ दे, मग पहिलं काम कठड्याचं."

कासाराने सकाळीच आळीतल्या एका नव्या सुनेला हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. तीही सभेला आली. पुढाऱ्यांचं भाषण काही संपेना. कासाराची नजर सारखी त्या कापडाकडे जाई. त्या सुनेचे पाय दुखून आले. ती कालच सासरी आलेली, तिला कठड्याचं काय ठाऊक? टेकायला बरी जागा दिसली म्हणून ती जांभळ्या कापडाकडे वळली.

"आणि म्हणूनच," पुढारी म्हणत होते, "पेठेचा प्रमुख म्हणून मी नेमतो..."

कासाराने क्षणभर पुढाऱ्यांकडे पाहिलं. हो, पाहिलं, उगाच ते झाकायचं कशाला? मग मात्र तो किंचाळला, "टेकू नकोस! तिथे कठडा नाही!" आणि धावत जाऊन त्याने तिचं मनगट धरलं. कामट्या मोडल्या, कापड आणि माळा विहिरीत गेल्या. सून वाचली. सकाळी भरलेल्या बांगड्यांचा त्याच्या मुठीत चुरा झाला आणि त्याच्या तळहातातून रक्त येऊ लागलं.

"तू तर झकास म्हणाला होतास," पुढारी गरजले.

"खोटं बोललो," कासार म्हणाला. त्याला रडू फुटलं.

पुढाऱ्यांनी त्याच्या गळ्यातलं उपरणं ओढून घेतलं आणि सभा मोडून ते चालते झाले. कासार मान खाली घालून उभा राहिला. म्हातारी उठली, तिने आपल्या पदराची चिंधी त्याच्या हाताला बांधली.

"उपरणं गेलं ना? बरं झालं. आता वाकलास तरी मधे काही लोंबणार नाही. चल, दगड उचल."

त्याने पहिला दगड उचलला. मग आळी लाजली आणि एकेक जण पुढे झाला. दिवस मावळायच्या आत कठडा उभा राहिला.

पुढच्या बैठकीतही सगळ्यांनी झकास, झकास म्हटलं. पुढाऱ्यांना मात्र ते गोड लागेना. खुर्चीला पाठ टेकतानाही त्यांनी ती आधी हलवून पाहिली. शेवटी उपरणं घेऊन ते स्वतः कासाराच्या दारी आले.

"घे बाबा. तुझ्यावाचून आम्हाला कुठेही टेकायची भीती वाटते."

"घेईन," कासार म्हणाला, "पण आधी आळीत विचारून येतो."

तो त्या नव्या सुनेच्या घरी गेला. तिच्यासमोर बसला, हात हातात घेतला, हलकेच दाबला. पक्षाचं नावही काढलं नाही.

"बोल ताई," तो म्हणाला, "कसं चाललंय?" आणि ती सांगत होती तोवर तो हलला नाही.

तात्पर्य: वरचा निरोप खाली आणायला कुणीही चालतो. खालचं दुखणं वर सांगायची छाती असेल, त्यानेच लोकांचा माणूस म्हणवून घ्यावं.