सावली फिकी पडलेला राजा

सांगा श्रोतेहो, तुम्ही भरवसा कोणावर ठेवाल? लखलखीत शेत दाखवणाऱ्यावर, की तेच शेत उकरून नाक मुरडणाऱ्यावर? उत्तराची घाई करू नका. पेठेत पोत्याच्या तोंडाशी टपोरे दाणे असतात आणि तळाशी खडे. हात कोपरापर्यंत घातल्याशिवाय शहाण्याने बोलू नये.

तर एका राज्यात काळी कसदार जमीन होती आणि जयकेतू नावाचा राजा होता. राज्याभिषेकाला त्याच्या कपाळी त्या जमिनीच्या मातीचा टिळा लावलेला. तेव्हापासून माती काळी तोवर राजाची सावली काळी, आणि सावली आहे तोवर राजा.

तिथे निर्मळसिद्ध नावाचा मांत्रिक आला. त्याच्याजवळ मंतरलेला खराटा. एकदा फिरवला की धसकटं, पाला, काडीकचरा गोळा होई आणि आपोआप पेटे. मागे शेत घासल्या ताटासारखे. वर त्याचा नेम असा, की सात वेळा खोल नांगरायचे.

"मोबदला काय घ्याल?" राजाने विचारले.

"मातीतला थोडा काळेपणा, महाराज. बाकी काही नको."

पहिल्या वर्षी पीक दुप्पट आले. लोकांनी मांत्रिकाला पालखीतून मिरवले. त्याची पिकली दाढी मुळाशी काळी होत होती, ते कोणी पाहिले नाही.

चौथ्या वर्षी माती राखेच्या रंगाची झाली. राणी हेमांगी रोज सकाळी राजाला अंगणात उभे करी आणि सावली निरखी. एके दिवशी तिला सावलीतून फरशीचे सांधे दिसले. ती तशीच शेतात गेली. नांगरामागे एक साळुंकी रिकाम्या चोचीने चालत होती.

"काय शोधतेस?" राणीने विचारले.

"गांडूळ. नांगराच्या तीन ओळींमागे एक मिळत नाही," साळुंकी म्हणाली. "तुमचे राज्य फार स्वच्छ झाले, राणीसाहेब. इथे आता मातीलाही जेवायला नाही."

"उपाय सांग."

"तीन आहेत. धसकट जागेवर राहू द्या. उघडी माती उन्हाने तापते, पावसाने वाहते. नांगर एकदाच चालवा, तोही उथळ. जितके उलथाल तितके आतले लवकर सरते. आणि शेण शेताला द्या, चुलीला नव्हे."

राणीने खराटा बंद करवला. सहा नांगरट्या थांबवल्या. शेण शेतात टाकण्याची दवंडी पिटली. कारभारी दादंभट वही घेऊन आला: हजार गाड्या खत पडले. राणीला त्या दिवशी दोन घास गोड लागले.

सकाळी पाहते तर राजापेक्षा अंगणातल्या मुंगीची सावली गडद.

राणीने खुरपे उचलले आणि शेत उकरले. वर बोटभर शेणखत, खाली नुसती वाळू.

"दादंभट, हजार गाड्या कुठे गेल्या?"

"निम्म्या वाळूच्या होत्या, बाईसाहेब. बाकीच्यातले बोटभर वर पसरले, उरल्या शेणाच्या गोवऱ्या झाल्या." त्याने मान खाली घातली. "महाराजांचे स्नानाचे पाणी कडकडीत हवे, असा आपलाच हुकूम होता. तो मोडायचा कोणी?"

साळुंकी मान वाकडी करून म्हणाली, "म्हणजे महाराजांना तुम्हीच न्हाऊ घालून संपवत होता."

राणीने वहीतला हजाराचा आकडा खोडला, त्यापुढे आपले नाव लिहिले आणि हमामातली पाणी तापवायची चूल स्वतः विझवली. त्या दिवसापासून राजा गार पाण्याने न्हाऊ लागला. कुडकुडत म्हणे, "राणी, मरण यापेक्षा ऊबदार असेल." राणी हसत नसे; ती सावली पाही.

काळेपणा पळत गेला होता, परतला तो पावलापावलाने. सखलातल्या चिकण मातीने तो आधी धरला. टेकडीच्या बरड जमिनीने बारा पावसाळे घेतले. गांडुळे परतली, साळुंकीची पिले झाली. इकडे निर्मळसिद्धाची दाढी टोकापासून पांढरी होत गेली. शेवटचा काळा केस गेला तेव्हा त्याच्या खराट्याला पालवी फुटली आणि मंत्र मिटले. त्या सकाळी राजाची सावली अंगणात अशी गडद पडली, की राणी तिच्यात जाऊन बसली आणि बारा वर्षांत प्रथम निवांत रडली.

श्रोतेहो, एवढी विनंती ऐका. शेतातून काय उचलले आणि काय परत टाकले, ते खरे लिहीत जा. आणि लिहिताना आपल्या चुलीत गेलेले वगळू नका.